केंगाई जुनिपर: शेपूट सुकतंय, डोक्यावर जंगल. कापू की वळवू?

नेहा_जुळे (३ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात आजवर नुसतीच वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या गच्चीवर एक जुनिपर बोन्साय आहे. केंगाई, म्हणजे खोड कुंडीच्या काठावरून खाली झेपावतं तो प्रकार. अण्णांनी (माझे सासरे) पुण्याच्या नर्सरीतून रोप आणून स्वतः घडवलेलं. कुंडी उंच, चौकोनी. खोड बुंध्याशी अंगठ्यापेक्षा जाड, थोडं वर चढून डावीकडे वळतं आणि कुंडीच्या बुडाच्याही खाली जातं. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर अण्णांना गच्चीचा जिना बंद झाला. तेव्हापासून झाडाला पाणी वेळेवर मिळतंय, पण कात्री लागलेली नाही.

आता वरचा भाग नुसता झुडूप झालाय, आत बोट जात नाही. आणि खाली शेपटीकडची निम्मी पालवी तपकिरी. टोकाला एवढासा हिरवा गोंडा आहे, मधला भाग उघडा.

माझं मत: सुकलेला भाग कापून अर्धा केंगाई करावा आणि मोकळं व्हावं. अण्णांचं मत एका वाक्यात: "शेंड्याला कोणी हात लावायचा नाही." आम्ही सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात राहतो, झाड कठड्यावर असतं, दिवसभर ऊन. फोटो जोडलेत.

शेंगाचटणी (३ नोव्हेंबर)

फोटो दिसत नाहीत.

बाकी हे पहिलंच शेपूट पाहिलं जे सरळ झालं तर मालक रडेल.

वडाचीपारंबी (३ नोव्हेंबर)

मला दिसतायत फोटो. झाड सुंदर आहे, पण एक बोलतेच. सोलापुरात जुनिपर कशाला? थंड हवेतलं झाड मे महिन्यात ४३-४४ अंशांत उभं करायचं आणि मग सुकलं म्हणून विचारायचं. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल काय वाईट आहेत? भुईकोट किल्ल्याच्या तटाकडे नीट बघा. दगडांच्या फटीतून पिंपळ निघतो, आधी खाली लोंबतो आणि मग टोक उचलून उजेडाकडे बघतो. केंगाई तिथे फुकटात बघायला मिळतो.

मुरूम (४ नोव्हेंबर)

पारंबीताई, पिंपळाचं खरं आहे, पण नेहाताईंकडे जुनिपर आहे, आता त्याचं बोलू. 'चायनेन्सिस' आणि 'प्रोस्ट्राटा' या नावांनी नर्सरीत मिळणारे जुनिपर आपल्याकडे तग धरतात. विजापूर रोडला माझ्या गच्चीवर आहेत. उन्हाने ते एकदम मरत नाहीत. पाणी चुकलं आणि कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागला की मरतात.

नेहाताई, कापाकापीआधी दोन तपासण्या करा.

पहिली: शेपटीच्या उघड्या भागावर नखाने साल हलकेच खरवडा. आतून हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत. कोरडं, भुसकट रंगाचं दिसलं तर संपलं. जुनिपरच्या पानांच्या रंगावर जाऊ नका, हे झाड मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं.

दुसरी: पांढरा कागद शेपटीखाली धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर मिरपुडीएवढे ठिपके पडतील. मिनिटभर थांबून बघा, ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. बोट फिरवल्यावर तांबूस रेघ उमटली की खात्री.

आणि एक सांगा, शेपूट लोंबतं ती भिंत कुठल्या दिशेची?

नेहा_जुळे (४ नोव्हेंबर)

पश्चिमेची. आत्ताच कागद धरला. ठिपके नुसते चालत नाहीयेत, मोर्चा निघालाय! साल मात्र टोकापर्यंत हिरवी आहे.

मुरूम (४ नोव्हेंबर)

मग अण्णांचं बरोबर, शेंडा जिवंत आहे. आता हे का झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल.

झाडाचा जोर वर जातो. केंगाईत आपण शेंडा सगळ्यात खाली नेऊन ठेवतो, म्हणून रस वरच्या फांद्या आधी घेतात आणि शेपटीला उरलंसुरलं मिळतं. डोंगरकड्यावर बर्फ, दगड आणि वारा मिळून वरचा भाग सतत मोडत राहतात. गच्चीवर ते काम आपल्या कात्रीचं. तुमच्याकडे कात्री थांबली, वर जंगल माजलं, त्याची सावली खाली पडली. त्यात पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती धग थेट शेपटीला लागते. कोळ्याला गरम, कोरडी, धुळीची जागाच लागते.

म्हणून कुंडी कठड्यावरून काढा. उंच स्टुलावर किंवा तिवईवर गच्चीच्या मधोमध ठेवा, शेपटीच्या चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे. सकाळी पाइपच्या बारीक फवाऱ्याने पानं खालच्या बाजूने धुवायची. आठवडाभर रोज.

डाळिंबवाला_सांगोला (५ नोव्हेंबर)

बोन्सायमधलं मला काही कळत नाही, पण कोळी कळतो. डाळिंबावर आमच्याकडे असतोच. साधं कीटकनाशक मारू नका. कोळी म्हणजे कीटक नव्हे, त्याला आठ पाय, त्याचं औषध वेगळं. उलट त्या फवाऱ्याने कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी अजून वाढतो. पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्केवालं घ्या, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. कडक उन्हात गंधक पान जाळतं. आणि निंबोळी तेल मारलं असेल तर गंधकाच्या आधी दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तेल आणि गंधक एकत्र आलं की पान करपलंच समजा.

नेहा_जुळे (५ नोव्हेंबर)

खूप आभार दादा. निंबोळी तेलाची बाटली हातातच होती, परत ठेवली.

अ_भय (६ नोव्हेंबर)

धागा वाचतोय. राग मानू नका, पण झाडाला तार गुंडाळायची, मुळं छाटायची, वाढू द्यायचं नाही आणि वर औषधं मारायची. ही कला की छळ?

शेंगाचटणी (६ नोव्हेंबर)

आला. या विषयावरच्या प्रत्येक धाग्यात हा प्रतिसाद सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या आसपास येतोच.

डाळिंबवाला_सांगोला (६ नोव्हेंबर)

अभयराव, तुम्ही डाळिंब खाता ना? बहार धरणं म्हणजे काय ते सांगतो. आधी बागेचं पाणी तोडायचं. झाडाला ताण बसला की फवारणी करून पानगळ करायची. मग छाटणी, खत, आणि पाणी सोडायचं. घाबरलेलं झाड एकदम फुलावर येतं. मृग, हस्त, आंबिया, कुठला बहार धरायचा ते आपण ठरवतो, झाडाला कोणी विचारत नाही. त्यापुढे ताईंची तार म्हणजे लाड आहेत.

कोथरूडची_प्राची (६ नोव्हेंबर)

अभय, छळ केलेलं झाड जगत नाही, आणि चांगली बोन्साय माणसांपेक्षा जास्त जगतात. हिरोशिमाच्या एका कुटुंबाकडचा पांढरा पाइन १६२५ पासून बोन्साय म्हणून सांभाळलेला आहे. १९४५ च्या अणुबॉम्बमधून तो वाचला, १९७६ साली जपानने अमेरिकेला भेट दिला आणि वॉशिंग्टनला अजून आहे.

आता मूळ मुद्दा. मुरूम यांच्या निदानाशी सहमत, पण 'शेंडा जिवंत आहे' एवढ्याने भागत नाही. जुनिपरच्या पान नसलेल्या जुन्या लाकडावर नवा फुटवा येत नाही. वडाची फांदी बोडकी केली तरी चालते, इथे नाही. म्हणजे मधला जो वीतभर भाग उघडा पडलाय तो उघडाच राहणार. टोकाला गोंडा आणि मध्ये दांडा, हे झाडूसारखं दिसेल. मी असते तर मधल्या एखाद्या सशक्त फांदीला नवं शेपूट केलं असतं आणि जुन्याची साल काढून वाळकं लाकूड म्हणून ठेवलं असतं.

मुरूम (७ नोव्हेंबर)

फोटो ३ मध्ये, पहिल्या वळणाच्या जरा खाली, मागच्या बाजूने एक फांदी निघतेय. पेन्सिलीएवढी, पालवी भरपूर. तिला पुढे आणि खाली घेतली तर उघडा भाग झाकला जाईल आणि टोकाचा गोंडाही राहील. जुनं शेपूट आत्ता मारायची घाई कशाला? त्या गोंड्यामुळे खोडाच्या त्या बाजूची शीर चालू आहे. जुनिपरमध्ये फांदी आणि तिच्या खालचं मूळ यांची जोडी असते. मोठी फांदी एकदम काढली की खोडावरची तेवढी पट्टी मरते.

कोथरूडची_प्राची (७ नोव्हेंबर)

मान्य, पण मग ती फांदी पक्की बसेपर्यंत दोन-तीन वर्षं झाड विद्रूप दिसेल.

मुरूम (७ नोव्हेंबर)

दिसू दे की. प्रदर्शनात कुठे न्यायचंय.

नेहा_जुळे (८ नोव्हेंबर)

अण्णांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. डाळिंबवाले दादांचा दोनदा वाचायला लावला. मुरूम यांच्या शेवटच्या ओळीवर त्यांचा आक्षेप आहे. त्यांना न्यायचं होतं प्रदर्शनात.

शेंगाचटणी (८ नोव्हेंबर)

अण्णांना आयडी काढून द्या हो. निरोप्याचं काम किती दिवस करणार?

नेहा_जुळे (१० डिसेंबर)

कोळी आटोक्यात आलाय. कागदावर आता क्वचित एखादा दिसतो. शेपटीचा गोंडा टवटवीत वाटतोय. आता वरचं जंगल कसं विरळ करू? नेटवर काही जण सांगतात की सगळे कोवळे शेंडे बोटांनी खुडायचे.

कोथरूडची_प्राची (१० डिसेंबर)

खुडू नका. पूर्वी सर्रास सांगायचे, आता बहुतेक जाणकार नको म्हणतात. जुनिपरची ताकद त्या वाढत्या शेंड्यांत असते. सगळे खुडले की झाड दमतं आणि खुडलेली टोकं तपकिरी पडतात. जे शेंडे बाहेर लांब पळालेत तेवढेच, अणकुचीदार कात्रीने, आत जिथून फुटलेत तिथून कापा. पान मधोमध कापायचं नाही.

आधी वाळलेलं सगळं चिमट्याने काढा. त्यातच दुपार जाईल. मग फांदीच्या पोटाखाली लोंबणारी पालवी, मग दोन फांद्यांच्या बेचक्यातली दाटी. एकूण पालवीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त एका वेळी नाही. आणि शेपटीकडचं पानही तोडायचं नाही. वर कापायचं, खाली वाढू द्यायचं.

मुरूम (११ डिसेंबर)

प्राचीताईंना पूर्ण अनुमोदन. फार जोरात छाटलंत तर खवल्यांच्या मऊ पानांऐवजी काटेरी, बोचरी पालवी फुटते. झाड घाबरल्याची खूण ती. मग ती मऊ व्हायला पुन्हा वाट बघा.

डाळिंबवाला_सांगोला (११ डिसेंबर)

म्हणजे इथेही ताण आहेच की.

नेहा_जुळे (२० डिसेंबर)

झाड खाली आणलं! शेजारच्या दोन मुलांनी जिन्यावरून उतरवलं. अण्णा अंगणात खुर्चीवर, झाड समोर स्टुलावर. मी कापत होते आणि ते काठीने दाखवत होते. आतून जे वाळलेलं निघालं त्याने सूप भरलं. आता पहिल्यांदाच खोड दिसतंय. त्याला आत मागच्या बाजूला एक पीळ आहे जो मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हता. अण्णा म्हणाले तो त्यांनी पहिल्याच वर्षी घातलेला.

आता ती पेन्सिलीएवढी फांदी खाली आणायची आहे. तार कुठली? ॲल्युमिनियमची ऑनलाइन बघितली, महाग आहे.

वाइंडिंगवाला (२० डिसेंबर)

ताई, माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय, अक्कलकोट रोडला. तारेतच जन्म चाललाय म्हणून बोलायलोय. मोटरीतली जुनी वाइंडिंगची तार वापरू नका. तिच्यावर वार्निश असतंय, जाळली की घाण धूर. अर्थिंगला उघडी तांब्याची तार मिळते ती घ्या. फांदी ८ मिलिमीटर असेल तर १२ गेज बघा, २.६४ मिलिमीटर भरते. बारीक डहाळ्यांना १६ गेज.

दुकानातली तार ताठ असते. मऊ करायला तापवायची. चुलीत न्हाईतर गोवऱ्यांवर, पण अंधार पडताना. उजेडात तांबं किती लाल झालं ते कळत न्हाई. मंद लाल दिसली की काढायची आणि पाण्यात सोडायची. लोखंड पाण्यात बुडवलं की कडक होतंय, तांबं मऊच राहतंय. आणि एकदा वाकवली की ती परत ताठते, म्हणून गुंडाळताना एकाच दमात. चुकली तर सोडून परत तीच वापरायची न्हाई, पुन्हा तापवायची.

मुरूम (२१ डिसेंबर)

वाह! हा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवला पाहिजे. गेजचं गणित अगदी बरोबर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची तार.

नेहाताई, तार ४५ अंशांच्या तिरकसपणे, सारख्या अंतराने. सुरुवात खोडावर दोन वेढ्यांनी करा, नाहीतर फांदीच्या मुळाशी जोर येऊन ती चिरेल. फांदी खाली वाकवायची आहे ना, मग जिथे वाकवाल तिथे तार फांदीच्या वरच्या अंगाने गेली पाहिजे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचीच साल ताणली जाते, तिला आधार तिथे लागतो.

तारेआधी वाकवायच्या जागी ओली पट्टी घट्ट गुंडाळा. जपानी लोक राफिया (ताडासारख्या झाडाच्या पानांचे धागे) वापरतात. आपल्या गावात त्याची काय गरज? टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून काठाच्या सुती चिंध्या मिळतात, भिजवून गुंडाळल्या की झालं. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी.

शेंगाचटणी (२१ डिसेंबर)

सोलापुरी चादर पांघरलेला जुनिपर. भौगोलिक मानांकन मागा.

कोथरूडची_प्राची (२१ डिसेंबर)

एकाच दिवसात खाली आणू नका. पहिल्या दिवशी थोडी, मग टोकाला दोरी बांधून ती कुंडीला ताणून ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी ओढा. वाकवताना 'कट्' असा बारीक आवाज आला की थांबायचं.

आणि टोक. नवी फांदी खाली आली तरी तिचं शेवटचं बोटभर टोक वर उचललेलं ठेवा, उजेडाकडे. नाहीतर चार वर्षांनी ही फांदीही जुन्या शेपटीसारखी उपाशी राहील.

नेहा_जुळे (९ जानेवारी)

तार अण्णांनी स्वतः गुंडाळली. मला पक्कड धरायला ठेवलं होतं. वाइंडिंगवाले दादांचं तापवण्याचं तंत्र तंतोतंत जमलं. शेजारच्या काकू गोवऱ्या पेटलेल्या बघून कसला होम आहे विचारायला आल्या.

पुढचा प्रश्न. कुंडी डावीकडे थोडी कलती केली तर खोडाचा उतार जास्त चांगला दिसतो. मग कुंडी कधी बदलू?

मुरूम (९ जानेवारी)

कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवा आणि महिनाभर तसंच बघत राहा. रोज येता-जाता दिसलं की कोन पटतो की नाही ते कळतं. यंदा मुळांना हात नको. आजारपण, छाटणी, तार, तिन्ही एकाच हिवाळ्यात झालंय. मुळं पुढच्या वर्षी, पाऊस सुरू झाल्यावर.

कोथरूडची_प्राची (९ जानेवारी)

पुढच्या वर्षी हे बरोबर, पावसात हे नाही. जुनिपरची मुळं थंडी सरताना, फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

मुरूम (९ जानेवारी)

पुण्यात. आमच्याकडे फेब्रुवारी संपता संपता पारा पस्तिशीच्या पुढे जातो. कापलेली मुळं सावरायच्या आत उन्हाळा.

कोथरूडची_प्राची (१० जानेवारी)

आणि तुमचा जूनमधला पाऊस येतो का वेळेवर? सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात, हे तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतंत. जुलैतली पावसाची ओढ फेब्रुवारीपेक्षा बरी कशी?

मुरूम (१० जानेवारी)

हे उत्तर मला आवडलेलं नाही, पण बिनतोड आहे. मग मधला मार्ग. संक्रांत झाली, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा उठला की लगेच, जानेवारीच्या शेवटी. थंडीचे तीनेक आठवडे तरी मिळतात. पुढच्या वर्षी.

अ_भय (११ जानेवारी)

मी अजून इथेच आहे. विटेचा तुकडा माझ्या मोगऱ्याच्या कुंडीखाली ठेवून बघितला. उगीचच.

नेहा_जुळे (२ मे)

मंडळी, उन्हाळा. ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधलीय. तरी वरची माती सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत पिऊन टाकते. नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवतेय, ते चालेल ना?

मुरूम (२ मे)

नको! आरओ जे क्षार गाळून टाकतं ते सगळे त्या पाण्यात असतात. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्याचं हे घट्ट रूप. कुंडीच्या काठावर पांढरा थर येतोय का? एसीचं पाणी चालेल, त्यात क्षार नसतात.

आणि वरची माती वाळली म्हणून लगेच ओतू नका. उंच कुंडीत वर कोरडं आणि तळाशी ओलं असतं, जुनिपरची मुळं तळाशी कुजतात ती अशी. खराट्याची एक लांब काडी कडेने तळापर्यंत खोचून ठेवा. काढून बघा, गालाला लावा. खालचं टोक गार लागलं तर पाणी नको, वर फक्त शिंपडा. मुळांवर ऊन येऊ नये म्हणून कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

वडाचीपारंबी (२ मे)

मी काही बोलत नाहीये. माझा उंबर मजेत आहे.

नेहा_जुळे (१९ ऑगस्ट)

झाड उन्हाळ्यातून निघालं. नव्या फांदीला फिकट हिरवे शेंडे फुटलेत. पण एका ठिकाणी तार सालीत रुतायला लागलीय, आणि फांदी अजून सुटून वर येईलसं वाटतंय. ठेवू की काढू?

वाइंडिंगवाला (१९ ऑगस्ट)

उलगडत बसू नका ताई, फांदी मोडंल. कटरने वेढा-वेढा तोडून तुकडे काढा.

कोथरूडची_प्राची (१९ ऑगस्ट)

काढा, आणि पंधरा दिवसांनी नवी तार रुतलेल्या खुणेच्या उलट दिशेने गुंडाळा. जुनिपर हट्टी असतो, दोन-दोन वर्षं तार मागतो. दोरी तशीच ठेवा. पावसाळ्यात जोमाने वाढतो तेव्हा दर महिन्याला बघत जा.

नेहा_जुळे (२० ऑगस्ट)

आणि मधल्या ज्या डहाळ्या पूर्ण वाळल्यात, त्यांचं जिन (साल सोलून वाळकं लाकूड तसंच दाखवणं) करायचं म्हणतायत अण्णा. साल काढली, आतलं लाकूड छान निघालं. त्यावर काय लावू?

डाळिंबवाला_सांगोला (२० ऑगस्ट)

बोर्डो पेस्ट लावा. आम्ही खोडाला लावतो, बुरशी येत नाही.

मुरूम (२० ऑगस्ट)

दादा, बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, झाड निळं होईल. इथे लागतं ते चुना-गंधकाचं द्रावण. पावसाची उघडीप बघून, लाकूड किंचित ओलं करून ब्रशने लावायचं. आधी पिवळं दिसतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो, मग उन्हात पांढरं पडतं. हातमोजे घाला, पालवी आणि माती प्लास्टिकने झाका, जिवंत सालीवर थेंब नको. पहिल्या दिवशी फार पांढरं वाटलं तर द्रावणात चिमूटभर काजळी मिसळा.

शेंगाचटणी (२० ऑगस्ट)

निळा केंगाई मला चालला असता.

नेहा_जुळे (८ नोव्हेंबर)

वर्ष झालं. नवे फोटो टाकलेत. नवी फांदी उघड्या भागावरून खाली आलीय आणि जुन्या गोंड्यापर्यंत पोचलीय. वर तीन थर सुटे दिसतात, मधून आकाश दिसतं. अण्णा रोज संध्याकाळी विटेचा तुकडा एक बोट इकडे, एक बोट तिकडे करतात.

जुना गोंडा आता काढू का?

कोथरूडची_प्राची (८ नोव्हेंबर)

काढा. नवी फांदी पुरेशी आहे. गोंडा ठेवलात तर दोन टोकं दिसतील आणि नजर अडकेल. त्याचं सुंदर जिन होईल.

मुरूम (८ नोव्हेंबर)

अजून एक वर्ष थांबा. जानेवारीत मुळं छाटायची आहेत, त्याच हिवाळ्यात शीर तोडू नका. तोवर गोंड्याला वाढू द्या, शेंडा कापू नका.

नेहा_जुळे (९ नोव्हेंबर)

अण्णा मुरूम यांच्या बाजूने. मीही, यावेळी. मग गड्डा उठल्यावर कुंडी बदलायची. सोलापुरात उंच कुंडी कुठे मिळेल? आणि माती? आधीच्यात काळी माती बरीच आहे, वाळली की कुंडीच्या कडेने भेग पडते आणि पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं.

मुरूम (९ नोव्हेंबर)

काळी माती अजिबात नको. चाळलेला वीटचुरा आणि भरड वाळू मिळून तीन भाग, कुजलेलं पानखत एक भाग. वीटचुऱ्याची धूळ चाळून टाका, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. आधीची माती सगळी धुऊन काढू नका, एका बाजूची निम्मी बदला, उरलेली पुढच्या खेपेला.

वाइंडिंगवाला (९ नोव्हेंबर)

कुंडीला कुंभाराकडून करून घ्या, माप द्या. आपलं झाड, आपलं माप. पण भोक मोठं पाडायला सांगा, ते रुपयाएवढं ठेवतेत.

कोथरूडची_प्राची (९ नोव्हेंबर)

दोन भोकं सांगा. आणि कडेला तार ओवायला चार बारीक. केंगाईचं सगळं वजन एका बाजूला असतं, झाड कुंडीला बांधलं नाही तर वाऱ्याने मुळं हलत राहतात.

नेहा_जुळे (१० नोव्हेंबर)

उद्या कुंभाराकडे जातेय. अण्णा सोबत येतायत, रिक्षाने. रंगावरून आत्तापासूनच वाद सुरू आहे.

शेंगाचटणी (१० नोव्हेंबर)

निळा सांगा.